बर्फ पडला नाही तर बुडतो कोण?

अमेरिकेच्या डोंगराळ गावांत स्नोबोर्ड विकणाऱ्या छोट्या, स्वतंत्र दुकानांचा श्वास कोंडत चालला आहे, हा समाजवाद्यांनी विचार करण्याजोगा विषय आहे काय? आमचे काही साथी म्हणतील, मुळीच नाही. खेळ सुखवस्तूंचा, गिऱ्हाईक सुखवस्तू आणि दुकानदार स्वतः मालक. अशांच्या नफ्यातोट्याची काळजी श्रमिकांच्या चळवळीने का वाहावी? या प्रश्नातील उपहास बाजूला ठेवला तर प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की, हे दुकान अकार्यक्षम म्हणून अडचणीत आलेले नाही आणि केवळ नव्या तंत्रामुळेही आलेले नाही. धंद्यातील लाभ वर सरकवायचा आणि जोखीम खाली ढकलायची, ही जी मक्तेदार भांडवलाची जुनी रीत, तिचा हा स्वच्छ नमुना आहे. त्या जोखमीच्या तळाशी दुकानदार एकटा नाही. त्याच्या शेजारी त्या डोंगरावरचा हंगामी मजूरही उभा आहे. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

प्रथम या वस्तूचा थोडा इतिहास पाहू. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय आडवे जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची एक फळी. १९६५ साली मिशिगन राज्यातील मस्केगॉन गावच्या शेरमन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलीसाठी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ नावाचे खेळणे केले. १९७७ मध्ये व्हर्मॉन्टमधील लंडनडेरी येथे जेक बर्टन कार्पेंटर याने फळ्या करून विकण्याचा उद्योग मांडला. कॅलिफोर्नियात टॉम सिम्स याच कामाला लागला होता. त्या काळात डोंगरांचे मालक या पोरांना दारात उभे करीत नसत. स्की खेळणाऱ्या प्रतिष्ठितांना या धटिंगणांचा उपद्रव होतो, अशी त्यांची तक्रार असे. १९८३ साली व्हर्मॉन्टमधील स्ट्रॅटन हा डोंगर खुला झाला, तेव्हा ती बातमी ठरली. अशा दिवसांत हा खेळ जगवला कुणी? सर्फबोर्ड आणि स्केटबोर्ड विकणाऱ्या लहान दुकानांनी. फळी कशी धरावी, बूट कसा बसवावा, कोणत्या टेकडीवर हाकलून देणार नाहीत, हे ज्ञान या दुकानांच्या फळकुटांवरून एका पोराकडून दुसऱ्याकडे गेले. १९९८ मध्ये नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तोवर बाजार तयार झाला होता आणि तयार बाजार ताब्यात घेण्यासाठी मोठे भांडवलही आले होते. पडीक जमीन कुळाने कसायची आणि ती पिकू लागली की सावकाराने सातबारा दाखवायचा, हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आता या दुकानाचा हिशेब मांडू, कारण हिशेब मांडल्याशिवाय कैवार घेणे ही भाबडेपणाची गोष्ट आहे. पुढच्या हिवाळ्याचा माल दुकानदाराला या हिवाळ्यातच, साधारण जानेवारी ते मार्च या महिन्यांत, मागवावा लागतो. अजून चालू हंगामाचा माल विकून झालेला नसतो आणि पुढच्या वर्षी बर्फ कसा पडेल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. माल उन्हाळा सरताना येऊन पडतो. त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. बहुधा बँकेकडून उचल घेऊनच ते दिले जातात. फळ्यांवरची चित्रे दरवर्षी बदलतात. लाकूड तेच, कडांचे पोलाद तेच, परंतु चित्र जुने झाले की फळीची किंमत उतरते. म्हणजे न विकलेला माल पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची सोयही कारखानदाराने काढून घेतलेली आहे. सगळी कमाई काय ती चार महिन्यांत. त्यातही फळ्यांच्या विक्रीवर फारसे सुटत नाही. दुकान तगते ते बुटांवर, सामान भाड्याने देण्यावर आणि दुरुस्तीच्या कामावर. कडांना धार लावणे, तळाला मेण चढवणे, दगडावर घासून पडलेल्या खाचा बुजवणे, पायाच्या मापाने बाइंडिंग बसवणे, ही सारी हाताची कामे आहेत.

याच्यासारखा दुसरा माणूस आपल्याला कुठे दिसतो? उसनवारीने बियाणे-खते आणून मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसलेला कोरडवाहू शेतकरी आठवून पाहावा. दोघांची श्रीमंती-गरिबी सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील दुकानदाराची तुलना विदर्भातील शेतकऱ्याशी करणे हा क्रूर विनोद होईल. परंतु दोघे ज्या सापळ्यात अडकले आहेत त्याची घडण एकच आहे. खर्च आधी, उत्पन्न मागाहून, हवामान बेभरवशाचे, आणि भाव ठरवणारा तिसराच.

हा तिसरा कोण, ते आता पाहू. त्याची तीन रूपे आहेत.

पहिले रूप कारखानदाराचे. ज्या कंपन्यांना या लहान दुकानांनी नाव मिळवून दिले, त्याच आज स्वतःच्या दुकानांतून आणि संगणकाच्या पडद्यावरून थेट गिऱ्हाइकाला माल विकतात. दुकानदाराला माल पुरवणारा हाच त्याचा प्रतिस्पर्धी! फेब्रुवारी उजाडला की कारखानदार आपल्या थेट विक्रीत भाव पाडतो. दुकानदाराने पूर्वीच्या भावाने उचललेला माल तेव्हा मांडणीवरच असतो. बूट घालून पाहण्यासाठी तासभर दुकानात बसलेले गिऱ्हाईक घरी जाऊन तोच बूट स्वस्तात मागवते. त्या तासाची मजुरी दुकानाच्या माथी, आणि विक्री मात्र कारखानदाराच्या खात्यात. या कंपन्यांची निष्ठा आपल्या मातीशी तरी आहे काय? व्हर्मॉन्टच्या नावावर मोठ्या झालेल्या बर्टन कंपनीने २०१० साली साउथ बर्लिंग्टन येथील आपला फळ्यांचा कारखाना बंद केला आणि ते उत्पादन ऑस्ट्रियाला नेले. नाव व्हर्मॉन्टचे राहिले. कामगार मात्र राहिले नाहीत.

दुसरे रूप डोंगराच्या धन्याचे, आणि ते अधिक भयंकर आहे. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीच्या हाती आज चार देशांत मिळून ४० हून अधिक डोंगर आहेत. २०१६ मध्ये कॅनडातील व्हिसलर, २०१७ मध्ये व्हर्मॉन्टमधील स्टो, असे एकेक डोंगर तिने गिळले. २००८ साली तिने ‘एपिक पास’ काढला. हंगामभराचा हा पास बर्फ पडण्यापूर्वीच, वसंतात आणि उन्हाळ्यात, विकायचा. आज वर्षाला २० लाखांहून अधिक पास विकले जातात. यातील मख्खी लक्षात घ्यावी. पास विकला त्या दिवशी पैसे कंपनीच्या तिजोरीत गेले. त्यानंतर बर्फ पडो वा न पडो! हवामानाची जोखीम कंपनीने गिऱ्हाइकाच्या खिशात सरकवली. कारखानदाराने आगाऊ मागणी घेऊन ती दुकानदाराच्या माथी मारली. कंपनी निर्धास्त, कारखानदार निर्धास्त. आभाळाकडे पाहत बसायचे ते दुकानदाराने आणि ज्याचा रोजगार बर्फावर अवलंबून आहे त्या हंगामी मजुराने. पृथ्वी तापत चालली असताना आणि हिवाळे लहरी होत असताना ही वाटणी म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

एवढ्यावर कंपनी थांबलेली नाही. डोंगराच्या पायथ्याशी आणि गावात तिची स्वतःची दुकाने आहेत. सामान विकणारी आणि भाड्याने देणारी अशी तिची दुकाने २०० हून अधिक आहेत. तिचा पास घेणाऱ्याला तिच्याच दुकानातून भाड्याने सामान घेतल्यास २० टक्के सूट मिळते. वर सांगितलेच आहे की, लहान दुकान भाड्याच्या सामानावर जगते. डोंगरावर जाण्याचा परवाना ज्याच्याकडून घ्यायचा, त्यानेच दारात दुकान मांडावे आणि परवान्याच्या बळावर शेजाऱ्याचे गिऱ्हाईक ओढावे, याला स्पर्धा म्हणायचे असेल तर टोलनाक्यावर बसलेल्या माणसाने चहाची टपरी टाकण्यालाही स्पर्धाच म्हणावे लागेल.

आणि हा डोंगर आहे तरी कुणाचा? येथे आमच्या साथींनी कान टवकारावेत. अमेरिकेतील सुमारे १२० स्की-केंद्रे राष्ट्रीय वनांच्या, म्हणजे जनतेच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. कोलोरॅडोतील खुद्द व्हेलचा डोंगर व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात आहे. कंपनीकडे आहे तो केवळ परवाना. १९९६ च्या कायद्यानुसार त्यासाठी मिळकतीच्या दीड ते चार टक्के एवढी फी सरकारला द्यायची असते. जमीन जनतेची, बर्फ निसर्गाचा, रस्ते सार्वजनिक पैशाचे, आणि या साऱ्यावर उभा राहिलेला नाका मात्र खासगी! जनतेच्या जमिनीचा परवाना देताना ‘गावातील दुकानांची कोंडी होईल असे व्यवहार करणार नाही’ एवढी साधी अट घालावी, असे सरकारला का वाटू नये?

तिसरे रूप निव्वळ पैशाचे. २०१९ मध्ये बॅककंट्री डॉट कॉम या, एका गुंतवणूक संस्थेच्या मालकीच्या, ऑनलाइन कंपनीने ‘बॅककंट्री’ हा शब्द आपल्या व्यापारनावात वापरणाऱ्या लहान धंद्यांवर खटले भरले. या शब्दाचा अर्थ काय? वहिवाटीपलीकडचा डोंगराळ मुलूख. आपल्याकडे कुणी ‘रान’ या शब्दावर मालकी सांगावी, तसाच हा प्रकार. त्या वेळी हजारो गिऱ्हाइकांनी बहिष्काराचा पुकारा केला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. न्यायालयाच्या आधी लोकांनी निकाल दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. उदारमतवादी अर्थशास्त्री म्हणतो की, अहो, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळते आहे ना? मग तुमची पोटदुखी कसली? पण स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे तरी पाहावे. पास स्वस्त म्हणून मिरवला जातो. त्याच डोंगरावरील एका दिवसाच्या तिकिटाचा भाव गर्दीच्या दिवसांत ३०० डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे ज्याला वर्षाआधी रक्कम भरता येते त्याला सवलत, आणि ज्या कामगाराला वर्षातून एखादाच दिवस पोरांना घेऊन जाता येते त्याला दंड. स्वस्ताईचे हे आमिष शेजारचे दुकान बंद पडेपर्यंतच असते, हा तर सर्वत्रचा अनुभव आहे. शिवाय स्पर्धा खरोखर मोकळी असावी अशी या पंडितांची इच्छा असती, तर त्यांनी १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा अडगळीत का टाकला? मोठ्या व्यापाऱ्याला लहानापेक्षा स्वस्त भावाने माल देऊन स्पर्धा बुडवू नये, असा हा कायदा आहे. १९८० नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये एका मोठ्या मद्यवितरक कंपनीवर त्याखाली खटला भरण्यात आला, तोही वीस-एक वर्षांच्या खंडानंतर. जानेवारी २०२५ मध्ये पेप्सिको कंपनीवर भरलेला दुसरा खटला सरकार बदलल्यावर मे महिन्यात मागेही घेण्यात आला. मोकळा बाजार म्हणजे कायद्याने बांधलेले हात. फक्त बांधायचे ते लहानाचे!

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे. छोटा दुकानदार हादेखील मालकच. तो आपल्या पोरांना तुटपुंजा पगार देतो, हंगाम संपला की घरी बसवतो, संघटनेचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतो. मार्क्स-एंगल्स यांनी १८४८ मध्येच सांगून ठेवले आहे की, हा थर भांडवलाच्या रेट्याखाली श्रमिकांत ढकलला जाणार. मग इतिहासाच्या वाटेत आपण का आडवे पडावे?

यातील पहिला भाग खरा आहे आणि तो झाकण्याचे काहीच कारण नाही. ‘आपले गाव, आपले दुकान’ या गोड घोषणेखाली कमी पगार खपवून घ्यायचा नसतो. दुकान लहान आहे म्हणून मजुराची भूक लहान होत नाही. परंतु दुसऱ्या भागात भविष्यकथन आणि धोरण यांची गल्लत आहे. दुकानदार बुडून श्रमिक होईल हे खरे. पण कुणाचा श्रमिक होईल? ज्याच्याजवळ डोंगर, दुकान आणि भाड्याच्या खोल्या एकत्र आहेत, अशा एकाच धन्याच्या गावात तो नोकर होईल. एकाच धन्याच्या गावात संप करणे काय असते, हे गिरणगावाचा इतिहास वाचलेल्यांना सांगायला नको. मक्तेदारी पूर्ण होऊ द्या, मग ती आपसूक समाजाच्या हाती येईल, असे मानणाऱ्यांनी आजवर तिची फक्त वाट मोकळी करून दिली आहे.

याच संदर्भात पार्क सिटीचा संप आठवावा. युटा राज्यातील हा डोंगर २०१४ पासून व्हेल कंपनीच्या मालकीचा आहे. तेथील स्की-पेट्रोल, म्हणजे जखमींना डोंगरावरून उतरवणारे आणि स्फोटके लावून हिमकडे आधीच पाडणारे जीव धोक्यात घालणारे कामगार, यांनी मूळ वेतन ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर करावे अशी मागणी केली. कंपनीने टोलवाटोलवी केली. २७ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळच्या गर्दीत, सुमारे २०० कामगार संपावर गेले. डोंगराचा बराच भाग बंद राहिला आणि हजारो डॉलर मोजून आलेले पाहुणे रांगांत ताटकळले. ८ जानेवारी २०२५ रोजी कंपनी नमली आणि २ डॉलरची वाढ मिळाली. चार देशांत डोंगर विकत घेणाऱ्या कंपनीला ताशी दोन डॉलर जड झाले होते! ते दोन डॉलर नाकारणारा हात आणि दुकानदाराच्या भाड्याच्या सामानावरची कमाई ओढून घेणारा हात, हा एकच हात आहे. हे एकदा दिसले की, कुणाच्या बाजूने उभे राहावे याबद्दल संभ्रम उरत नाही. उरतो तो प्रश्न एवढाच की, दुकानदाराने कामगाराच्या बाजूने उभे राहण्यास केव्हा शिकावे?

मग करायचे काय? दुकानदाराला हळहळ नको, संघटना हवी. युरोपातील क्रीडासाहित्याच्या दुकानदारांनी १९६८ साली ‘इंटरस्पोर्ट’ उभी केली. दहा देशांतील खरेदी-संघ एकत्र आले आणि एकेकट्या दुकानाला जो भाव मिळत नव्हता तो एकत्रित खरेदीने मिळवला. अमेरिकेत लोखंडी सामान विकणाऱ्या दुकानांची ‘एस हार्डवेअर’ ही संस्थाही दुकानदारांच्याच मालकीची आहे. म्हणजे मार्ग अज्ञात नाही. दुकान मालकाकडून कामगारांच्या सामाईक मालकीकडे नेणे, हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

पण सहकार हा मंत्र पुटपुटल्याने सिद्ध होत नाही, हे महाराष्ट्रात तरी कुणी विसरू नये. व्हर्मॉन्टमधील मॅड रिव्हर ग्लेन हा डोंगर १९९५ पासून तेथे स्की खेळणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र त्या सहकारी डोंगरावर स्नोबोर्डला आजही बंदी आहे! मालकी सामाईक झाली तरी मन सोवळ्यातच राहू शकते. कॅनडातील उदाहरण याहून बोचरे आहे. १९७१ मध्ये व्हँकुव्हर येथे स्थापन झालेली ‘माउंटन इक्विपमेंट को-ऑप’ ही ग्राहकांची सहकारी संस्था ५० लाखांहून अधिक सभासदांची झाली. २०२० मध्ये ती कर्जात बुडाली आणि संचालकांनी ती लॉस एंजेलिसच्या एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकली; सभासदांचे मत घेतलेच नाही. ज्या सभासदाने पाच डॉलर भरून केवळ खरेदी केली, सभेला कधी पाऊल टाकले नाही, त्याच्या हातून संस्था गेली तेव्हा त्याला ते वर्तमानपत्रातून कळले. आपल्या साखर कारखान्यांच्या सभासदांनी यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

यासोबत सरकारकडे तीन मागण्या असल्या पाहिजेत. जनतेच्या जमिनीवरील परवाना देताना गावातील व्यापार आणि मजुरांची घरे यांचे रक्षण करणारी अट असावी. डोंगराच्या पासाला दुकानाची सूट बांधून विकणे बेकायदा ठरावे. आणि १९३६ चा कायदा शोभेसाठी नव्हे, वापरासाठी ठेवावा. दुकानदारांकडेही एक मागणी आहे, आणि ती सोडून बाकीच्या मागणे ढोंगीपणाचे होईल. दुकानातल्या पोरांना जगण्यापुरते वेतन आणि संघटनेचा हक्क मिळालाच पाहिजे.

२०१२ साली केंद्र सरकारने बहुविध वस्तूंच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलाला दार उघडले, तेव्हा ‘किराणा दुकानदाराच्या बाजूने उभे राहणे डाव्यांना शोभते काय?’ हा वाद आपल्याकडेही झाला होता. वस्तू बदलली, प्रश्न तोच आहे. तेथे फळी असेल, येथे तूरडाळ असेल. मोजण्याचे माप एकच ठेवावे. कोणत्याही धंद्यात शिरताना पहिला प्रश्न विचारावा की, हंगाम बुडाला तर बुडतो कोण? ज्याच्याकडे नाका आहे तो कधीच बुडत नाही. जे बुडतात ते सारे, त्यांना अजून ठाऊक असो वा नसो, एकाच बाजूचे आहेत. त्यांना एकमेकांची ओळख करून देणे हे आपले काम आहे.